आकड्याखालचे ठिपके

"आई, मध्येच हा पिवळा घातलात ते फार छान केलंत. नुसतं पांढरं कंटाळवाणं झालं असतं," सून म्हणाली आणि अर्धवट विणलेला स्वेटर तिनं आपल्या पोटावर पसरून बघितला. तिला सातवा महिना लागला होता. पोटातल्या माणसाला तो स्वेटर अजून चार महिने तरी लागणार नव्हता, पण कुठलंही काम वेळेवर होण्यापेक्षा वेळेआधी झालेलं बरं, असा माझा शिरस्ता आहे. रविवारची दुपार होती, जेवणं उरकली होती, आमच्या तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या इमारतीच्या भिंतीवरचं ऊन दिसत होतं. "कुठला पिवळा?" हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते, ते मी गिळले. कारण मी पिवळा घातलेलाच नव्हता. पांढऱ्या लोकरीचे दोन गुंडे संपले, तेव्हा उरल्यासुरल्या लोकरीच्या डब्यातून मी तिसरा पांढरा गुंडा काढला होता, स्वतःच्या हातांनी, स्वतःच्या डोळ्यांनी बघून. "आण इकडे," म्हणत मी स्वेटर घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरला, सावलीत धरला, उलटा करून बघितला. सगळा पांढरा. आमचे हे पेपरामागून म्हणाले, "लोण्यासारखा पिवळा आहे. कुठे मिळाला?" लग्नाला पस्तीस वर्षं झाली, यांनी माझ्या एकाही कपड्याचा रंग धड सांगितलेला नाही, पडदे बदलले तरी आठ दिवसांनी कळतं. त्या माणसाला दिसला आणि मला दिसला नाही. "म्हटलं, जरा बदल," मी म्हणाले आणि स्वेटर घडी करून पिशवीत कोंबला. खोटं बोलताना माझा आवाज उगाच मोठा होतो.

हेच दुसऱ्या एखाद्या बाईच्या घरी झालं असतं तर सगळ्यांनी हसण्यावारी नेलं असतं. पण मी गेली एकतीस वर्षं रंग ओळखण्याचा पगार घेते आहे. मी घेवड्याची पैदासकार. म्हणजे एका झाडाच्या कळीतले पुंकेसर चिमट्यानं अलगद काढायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण तिथे लावायचे, जे बी येईल ते पेरायचं, आणि मग शेकडो झाडांतून कुठलं ठेवायचं आणि कुठलं उपटायचं ते ठरवायचं. पुन्हा पेरायचं, पुन्हा ठरवायचं. असं आठ-दहा वर्षं केलं की एखादा वाण हाती लागतो. पुष्कळदा लागतही नाही, आणि मग नव्यानं कळ्या उकलत बसायचं. घेवड्याचा मोठा वैरी म्हणजे केवडा. नाव ऐकून फूल वाटतं, पण आहे रोग. पांढरी माशी तो पसरवते, पानांवर पिवळे चट्टे येतात, मग अख्खं पान पिवळं पडतं, शेंगा भरत नाहीत आणि ज्यांचं पोट त्या शेंगांवर असतं त्यांच्या ताटात त्या वर्षी काही पडत नाही. या रोगाला कोणता वाण किती तोंड देतो याचे आम्ही गुण देतो: एक म्हणजे निरोगी, पाच म्हणजे सगळा पिवळा. हे गुण मोजायचं यंत्र आमच्या कृषी संशोधन केंद्रात नाही. नुसता डोळा. आणि केंद्रातला सगळ्यात चांगला डोळा माझा, हे माळ्यापासून संचालकांपर्यंत सगळे म्हणत आले, आणि मीही काही नाकारलं नाही.

गुण द्यायची आमची एक रीत आहे. दोघींनी वाफ्यावाफ्यातून जायचं. एकीनं बोलायचं, दुसरीनं वहीत लिहायचं. बोलणारीनं वहीत बघायचं नाही, म्हणजे मागच्या आकड्यावरून पुढचा सुचत नाही. लिहिणारीनं मान वर करायची नाही, म्हणजे तिच्या चेहऱ्यावरचं मत बोलणारीला दिसत नाही. ही रीत सरांची, ज्यांच्या हाताखाली मी शिकले. मी ती आणखी आवळली. "नजर एकच असावी," असं मी प्रत्येक नव्या तुकडीला बजावत असे, "दोन नजरा आल्या की एका शेताची दोन शेतं होतात." हे वाक्य लोकांना इतकं आवडलं की एका कार्यशाळेच्या फलकावरही ते छापून आलं. त्या रविवारी दुपारभर ते वाक्य माझ्या डोक्यात घोळत राहिलं. कारण गुरुवारी सत्तेचाळीस नंबरचा अर्ज जायचा होता. सत्तेचाळीस हा माझा शेवटचा वाण. चार हंगाम मी त्याला एक, एक, दोन, एक असे गुण देत आले होते. अर्जावर माझी सही झाली की त्याचं बी पोत्यांनी वाढवायचं आणि गावोगाव वाटायचं. चार महिन्यांनी मी निवृत्त होणार, आणि माझ्यानंतर विभागाला कुलूप लागणार हेही जवळजवळ ठरलेलं. "बाई, तुमच्या जागी बसवायला माणूस कुठाय? त्यापेक्षा बाहेरून तयार बी घेऊ," असं संचालक दर बैठकीत म्हणत, आणि मला बोलायला जागा नसे. माणसं तयार करायचे कार्यक्रम काय थोडे झाले? फलक, पिशव्या, प्रमाणपत्रं, सगळ्यांचा मिळून फोटो. हुशार तिघं पुढचं शिकायला परदेशी गेली, ती तिथूनच बर्फातले फोटो पाठवतात. दोघं कंपन्यांनी उचलली. एकानं तर क्लास काढलाय, त्यात तो दुसऱ्यांना परदेशी कसं जायचं ते शिकवतो. एवढं करून माझ्या हाती काय उरलं, तर सत्तेचाळीस. आणि आता तो स्वेटर.

सोमवारी सकाळी बसमध्ये कंडक्टर जवळ आला तेव्हा मी तिकिटाआधी पिशवीतून स्वेटर काढला. "जरा बघा हो, यात रंग किती आहेत?" तो म्हणाला, "बाई, तिकीट काढायचंय का स्वेटर विकायचाय?" मी म्हटलं, "सांगा तर." त्यानं दांड्याला टेकून तो नीट बघितला. "दोन. पांढरा आणि पिवळा. का, पैज लागलीये?" "लागली होती," मी म्हटलं, "हरले." शेजारची बाई हसली, कंडक्टरही हसला, आणि मीही हसून घेतलं, कारण बसमध्ये रडायची मला सवय नाही. दोन थांबे आधी उतरून मी डोळ्यांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर माझ्या मुलापेक्षा लहान. त्यानं माझ्यापुढे रंगीत बिल्ल्यांची पेटी ठेवली आणि ते फिक्यापासून पुढे क्रमानं लावायला सांगितलं. मी भराभर लावले. असलं काम मी झोपेतही करीन. लावून झाल्यावर त्यानं पेटीकडे बघितलं आणि दिवा धरून माझे दोन्ही डोळे तपासले. मग म्हणाला, "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे." मी म्हटलं, "मला अंधूक दिसत नाही." "काहींना अंधूक उशिरा होतं. तुमच्या डोळ्यातलं भिंगच पिवळं पडलंय. सतत पिवळा चष्मा घातलाय असं समजा. फिका पिवळा आणि पांढरा तुम्हाला एकच दिसणार. निळसर झाक असलेलं हिरवं पिवळट दिसणार. हळूहळू होतं ना, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही." "किती दिवसांचं आहे हे?" "दोन वर्षं तरी. घाबरू नका, अर्ध्या तासाचं ऑपरेशन आहे. तुम्ही काम काय करता?" मी पर्स उचलली आणि म्हटलं, "रंग ओळखते." त्याला वाटलं मी थट्टा करते आहे.

दोन वर्षं म्हणजे चार हंगाम. केंद्राच्या फाटकातून आत शिरताना मी स्वतःशी हिशेब करत होते, आणि त्याच वेळी आणखी एक गोष्ट करत होते, तीही सांगून टाकते. मी पळवाट शोधत होते. ऑपरेशन गुपचूप करून घ्यावं. सही करावी. चार महिन्यांनी नारळ घेऊन घरी जावं. वाणाला रोग येतातच, हवा बदलते, माशी बदलते. तीन वर्षांनी सत्तेचाळीस पिवळा पडला तर कोण म्हणणार आहे की बाईंचा डोळा गेला होता? हा विचार माझ्याच डोक्यात आला, दुसऱ्या कुणाच्या नाही. माझ्या खोलीत खिडकीला लागून लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर शेताच्या वह्या: जाड पुठ्ठ्याच्या, चिखलाच्या बोटांच्या, पावसानं पानं फुगलेल्या. टेबलावर पेन्सिलींचा डबा. शेतात शाई चालत नाही, ओल लागली की पसरते. मी गेल्या चार हंगामांच्या वह्या काढल्या. काय बघायचं होतं ते मलाच ठाऊक नव्हतं. चुकीचे आकडे वहीत बरोबर आकड्यांसारखेच दिसतात.

मग मला ते ठिपके दिसले. नव्यानं नव्हे; आधीही कितीदा दिसले होते. प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीचे बारीक ठिपके. आमच्या वह्या टिपणी लिहिते. केंद्रात तिला सगळे याच नावानं हाक मारतात; अकरा वर्षांपूर्वी कृषी पदविका घेऊन ती झाडांना नंबराच्या चिठ्ठ्या बांधायच्या कामावर लागली आणि अक्षर चांगलं म्हणून मी तिला वही दिली. आता तिला दोन मुलं आहेत, केसांत एक पांढरी बट आहे, आणि बोलणं असं की दिवसाकाठी दहा वाक्यं झाली तर खूप. ठिपके म्हणजे तिच्या हाताचा चाळा असणार, असं मी धरून चालले होते. आता मी सत्तेचाळीसची ओळ काढली. माझा आकडा एक, खाली तीन ठिपके. पुढच्या हंगामात माझा एक, खाली चार. मग दोन, खाली चार. मी मागच्या वह्या काढत गेले. सहा वर्षांपूर्वीच्या वहीत ठिपके पहिल्यांदा येतात आणि ते अगदीच रामभरोसे आहेत: माझा दोन तर तिचे पाच, माझा चार तर तिचा एक. पुढच्या हंगामात जरा जवळ. त्याच्या पुढच्या वर्षी दहांत सहा जुळतात. मग आठ. मग एक अख्खं वर्ष असं येतं की पानामागून पान उलटावं आणि आकडा आणि ठिपके एकच, एकही चूक नाही. एक माणूस तयार होताना मी त्या पानांवर बघत होते. माझ्या खांद्याला खांदा लावून, माझ्याच वहीत, आणि मी तिकडे बैठकीत माणूस नाही म्हणून मान खाली घालत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. आणि मग, दोन वर्षांपूर्वीपासून, आकडे आणि ठिपके पुन्हा एकमेकांपासून दूर जाऊ लागतात. रविवारच्या आधी ही वही बघितली असती तर मी म्हटलं असतं, पोरगी बिघडली.

मी खुर्चीत बसून राहिले, आणि मला सर आठवले. त्यांची वही मी सात वर्षं लिहिली. शेवटच्या वर्षांत ते थकले होते, दुपारी वाफ्यातून चालताना मध्येच थांबून घाम पुसत आणि झाडाकडे न बघताच आकडा सांगत. एकदा त्यांनी त्यांच्या लाडक्या वाणाला 'एक' म्हटलं, आणि मी नियम मोडून मान वर केली. पानाच्या शिरेला लागून पिवळं होतं. थोडंसं, पण होतं. मी मान खाली घातली आणि एक लिहिला. पुढच्या तीनही वेळा एकच लिहिला. माझं वय काय, त्यांचा अधिकार काय, नाकापेक्षा मोती जड नको, असं मनाला सांगितलं. वाण गेला, वाटला गेला, दुसऱ्याच वर्षी शेतंच्या शेतं पिवळी झाली. एक दिवस एक बाई केंद्रात आली, कुठून चालत आली होती कोण जाणे, पाय धुळीनं भरले होते. तिनं मुळासकट उपटलेलं एक झाड सरांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "साहेब, तुमचंच बी आहे. आता पोरांना घालू काय ते सांगा." ती ओरडली नाही की रडली नाही. उत्तर ऐकायला उभी राहिली. सर उठून तिला बसायला खुर्ची देत होते आणि मी दारात वही छातीशी धरून उभी होते. सर त्या वर्षी निवृत्त झाले आणि त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. मी त्यांना कधी काही सांगितलं नाही. आज पंचविसाला टेकली असतील वर्षं, पण त्या झाडाच्या मुळाची ओली माती टेबलावरच्या कागदांवर कशी सांडली ते मला अजून दिसतं. मोतीबिंदू त्याला आड येत नाही.

टिपणी आत आली तेव्हा तिच्या गळ्यात चिठ्ठ्या बांधायच्या दोऱ्याची लड होती आणि हात मातीनं भरले होते. टेबलावर उघड्या पडलेल्या वह्या बघून ती दारातच थबकली. "हे काय आहे?" मी ठिपक्यांवर बोट ठेवलं. "काही नाही बाई. सवय." "सवयी मी पुष्कळ बघितल्या. कुणी नखं खातं, कुणी पाय हलवतं. मोजून तीन, मोजून चार ठिपके द्यायची सवय मी बघितली नाही." ती खाली बघत म्हणाली, "चुकलं बाई. मी मान वर करायचे." "सहा वर्षं?" "सहा वर्षं. तुम्ही आकडा सांगायच्या आधी मी मनात सांगायचे. खेळ म्हणून सुरू केलं. सारखं चुकायचं. मग जुळायला लागलं. सगळे जुळले ना, की त्या दिवशी घरी जाताना फार बरं वाटायचं." "आणि जुळेनासे झाले तेव्हा?" तिनं दोऱ्याची लड गळ्यातून काढली, हातात गुंडाळली, पुन्हा सोडली. "मला वाटलं, माझंच काहीतरी बिघडलं. डोळे तपासून आले. दोनदा. डॉक्टर म्हणाले, काही झालेलं नाही. मग वाटलं, तुम्हाला पानात असं काही दिसत असणार की जे मला कळत नाही. तुमचा डोळा आहे तो." मला हसू आलं, आणि हसता हसताच डोळ्यांना पाणी आलं. डोळा माझा गेला आणि तपासायला ती गेली, दोनदा. मी तिला स्वेटर दाखवला, बिल्ल्यांची पेटी सांगितली, डॉक्टर काय म्हणाला तेही सांगितलं. ती खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होती. शेवटी मी म्हटलं, "मला सांगायचं नाहीस?" तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?" मी क्षणभर विचार केला. "नाही," मी म्हटलं, "हाकलून दिलं असतं." ती म्हणाली, "म्हणूनच खोडरबर लागला की निघून जाईल असं लिहीत होते." पण तिनं ते खोडलेले नव्हते. मी सरांच्या वेळी एक ठिपकासुद्धा दिला नव्हता, हे मी तिला तेव्हाच सांगून टाकलं. हे मी तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं, यांनाही नाही.

आणखी एक विचारायचं राहिलं होतं. वहीत एकशे बारा नंबरापुढे माझे चार, चार, चार, पाच असे आकडे होते, आणि खाली दरवेळी एकच ठिपका. त्या वाणाची पानं जरा निळसर हिरवी. म्हणजे मला पिवळट दिसली असणार. गेल्या हंगामाच्या शेवटी मीच तो रद्द केला होता, लाल रेघ मारून. रद्द केलेलं बी आमच्याकडे गुरांच्या चाऱ्यात जातं. "एकशे बाराचं काही उरलं असेल का ग?" मी विचारलं. ती घुटमळली. "काठाला आहे बाई." प्रयोगाच्या शेताभोवती आम्ही दोन ओळी काठ म्हणून लावतो, वारा, गुरं, येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय यांची झळ आतल्या वाफ्यांना लागू नये एवढ्यासाठी. त्या ओळींना नंबर नसतो, गुण नसतात, त्यांची नोंद कुठेच होत नाही. "तुम्हीच म्हणालात, काठाला कुठलंही बी लाव," टिपणी म्हणाली. "मी ते लावलं. टाकवेना."

संचालकांच्या खोलीत मी एकटीच गेले. माणूस वाईट नाही, पण त्याला प्रत्येक गोष्ट एका पानात हवी असते. मी ती एका वाक्यात सांगितली. "म्हणजे सत्तेचाळीसचा अर्ज नाही जायचा?" "नाही." "दोन वर्षांचे आकडे चूक?" "माझे चूक. बरोबर आकडे आहेत, त्यांच्या खालीच आहेत." "ते ठिपके?" "ठिपके." त्यांनी चष्मा काढून कपाळ चोळलं. "बाई, मी वर काय लिहू? बाईंनी एकतीस वर्षं नाव कमावलं आणि जाताना ठिपके दाखवले?" मी म्हटलं, "तेच लिहा. नाव माझं आहे, गेलं तर माझं जाईल. बी गेलं तर जेवण दुसऱ्यांचं जाईल." त्यांना हे बोलणं नाटकी वाटलं असावं, मलाही वाटलं, पण खरं तेच होतं. मग मी त्यांना आठवण करून दिली की अर्जासाठी म्हणून गेल्या आठवड्यात वीस वाफ्यांची पानं बाहेरच्या प्रयोगशाळेत गेली होती, तिथे रोग किती भिनलाय ते यंत्रावर मोजून एक ते पाचमध्येच कळवतात. निकाल आला होता, त्यांच्या खणात बंद पाकिटात पडून होता; ते पाकीट फोडायची गरज कुणाला वाटली नव्हती, कारण बाईंचा डोळा होता ना. "उद्या सकाळी तुम्ही पाकीट घेऊन शेतावर या," मी म्हटलं. "टिपणी बोलेल. मी लिहीन. नंतर जुळवून बघा. नाहीच जुळलं तर विभागाला कुलूप लावायला मी स्वतः किल्ली आणून देते."

घरी सुनेला सगळं सांगितलं तेव्हा ती आधी घाबरली आणि मग म्हणाली, "म्हणजे पिवळा चुकून आला?" "चुकून आला." "मग आता उसवू नका. बाळाला सांगेन, आजीचा हंगाम बदलला तेव्हाचा स्वेटर आहे." आमच्या ह्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "आणि माझे आजवरचे रंग बरोबर होते का मग?" "नव्हते," मी म्हटलं, "तुमचं दुखणं वेगळं आहे."

मंगळवारी सकाळी पानांवर दव होतं. केवडा बघायचा तर ऊन कोवळं असताना बघावा, चढत्या उन्हात पानं मिटतात आणि रंग खोटा दिसतो. मी टिपणीच्या हातातली वही घेतली, पेन्सिल घेतली, आणि तिच्या मागे दोन पावलांवर उभी राहिले, जिथे ती अकरा वर्षं उभी राहत आली होती. तिथून शेत दिसत नाही. दिसते ती वही आणि पुढच्या माणसाच्या टाचा. संचालक बांधावर पाकीट धरून उभे होते. "वाफा एक," टिपणी म्हणाली, आणि पुढे काहीच नाही. मी वाट बघितली. "दोन," ती पुटपुटली. "मोठ्यानं सांग," मी म्हटलं. "डोळे गेलेत, कान शाबूत आहेत." पाचव्या वाफ्यापासून तिचा आवाज सुटला. दहाव्यानंतर ती न थांबता बोलू लागली, आणि माझ्या लक्षात आलं की तिची लय माझी आहे: आधी वरचं पान, मग मधलं, मग वाकून खालचं, मग आकडा. हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. सोळाव्या वाफ्यात सत्तेचाळीस होता, तिथे ती थांबली. पेन्सिल माझ्या बोटांत घट्ट झाली होती. हे झाड मी कळीपासून वाढवलं होतं, त्याच्या आजीपणजीची फुलं मी चिमट्यानं उकलली होती. मला मान वर करून त्याच्याकडे एकदा बघावंसं वाटलं, आणि बघून काय दिसलं असतं, सगळं हिरवंगार दिसलं असतं. "चार," टिपणी म्हणाली. तिचा आवाज कापला, पण आकडा कापला नाही. मी चार लिहिला, चांगला ठळक.

वीस वाफे झाल्यावर संचालक वाफ्यात उतरले, बुटांना चिखल लागला तरी उतरले. वही एका हातात, फोडलेलं पाकीट दुसऱ्या हातात, ओठ हलवत ते एकेक आकडा जुळवत गेले. टिपणी दोऱ्याची लड बोटांभोवती गुंडाळत होती. "वीसपैकी एकोणीस," ते म्हणाले, आणि खात्री नसल्यासारखे पुन्हा पहिल्यापासून बघू लागले. दुसऱ्यांदाही एकोणीसच. मग माझ्याकडे वळून जरा संकोचानं म्हणाले, "आणि तुमचे, गेल्या पंधरवड्यातले?" "माझे मी बघून ठेवलेत," मी म्हटलं. "तुमच्या पाकिटाशी नाही, हिच्या ठिपक्यांशी. वीसपैकी नऊ." टिपणीनं विचारलं, "माझा कुठला चुकला?" संचालकांना याचं हसू आलं. "तेरावा." ती लगेच तेराव्या वाफ्याकडे गेली आणि उकिडवी बसून खालची पानं उलटून बघू लागली. तिच्याकडे बघत संचालक हळू आवाजात म्हणाले, "हिची पदविकाच आहे. जागा पदवीची आहे." "मग जागा बदला. नाहीतर हिला पदवी करायला पाठवा, वाफे मी सांभाळते. ऑपरेशन झालं की मला पुन्हा दिसणार आहे. नंतर मी बिनपगारी येईन, हिची वही लिहायला." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "एक हंगाम थांबू," शेवटी ते म्हणाले. "कुलपाचं पत्र मी मागे घेतो. तुम्ही प्रस्ताव करा. एका पानात." मला त्यांच्याबद्दल त्या क्षणी मनापासून प्रेम वाटलं, हे मी त्यांना अर्थातच सांगितलं नाही.

ते गेल्यावर आम्ही उरलेले चाळीस वाफे केले. ऊन वर यायला लागलं होतं, वहीचं पान भरत आलं होतं, माझी मान दुखत होती. अकरा वर्षं हिची मान अशीच दुखली असेल आणि मी एकदाही विचारलं नाही. शेवटच्या वाफ्याचा आकडा लिहून मी वही मिटणार, तेवढ्यात टिपणी म्हणाली, "बाई, काठाचं सांगू?" काठाला वहीत रकाना नव्हता. मी पानाच्या खालच्या कोऱ्या जागेत एकशे बारा असं लिहिलं आणि म्हटलं, "सांग." ती काठाच्या ओळीनं चालू लागली, मी मागोमाग. तिच्या टाचा थांबत होत्या, वळत होत्या, पुढे जात होत्या. वरचं पान, मधलं पान, खालचं. पार टोकाला पोचल्यावर ती म्हणाली, "एक." मग श्वास घेऊन पुन्हा म्हणाली, "इथून तिथपर्यंत, बाई, सगळा एक." मी लिहिलं. मान वर केली नाही.